ॲप मुलीच्या हातात देण्याआधी

किशोरवयीन मुलींच्या पोषणासाठी नवं ॲप आलं अशी बातमी दिसली की मला पहिला प्रश्न पडतो, ते चालणार कुणाच्या फोनवर? मी नववी-दहावीला शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलींकडे स्वतःचा फोन नाही. घरातला स्मार्टफोन वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात, आईकडे असलाच तर बटणांचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जेमतेम ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ५४ होता. (मुलांमध्येही ३१ टक्के आहे, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.)

यावर उपाय काय, हे आपल्याला माहीत नाही असं अजिबात नाही. आठवड्याला एक निळी गोळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. वर्षातून दोनदा जंताची गोळी. आमच्याकडे सोमवारी वाटतात. पण साठा संपला की पुढचा कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. आणि आला तरी पोरी उपाशी असतात. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, नववीत गेलं की बंद! पाळी सुरू झालेली, भराभर उंची वाढणारी मुलगी सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत येते. चहानं लोह नीट अंगी लागत नाही, आणि रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळी झाली की ती घाबरते, मैत्रिणींना सांगते, आणि पुढच्या सोमवारच्या गोळ्या दप्तराच्या तळाशी जातात. शौचाला काळी होणं हा लोहाचाच परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे तिला आधी कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं.

तंत्रज्ञान मला हवंच आहे, फक्त ते मोठ्यांच्या हातात हवं. शालेय पोषण आहाराची नोंद आम्ही शिक्षक रोज ऑनलाइन भरतो. तशीच सोप्या मराठीत गोळ्यांची नोंद ठेवा, आणि महिन्याभराचा साठा उरला की प्राथमिक आरोग्य केंद्राला आपोआप निरोप जाऊ द्या. गरोदर बायकांना 'किलकारी' या सरकारी सेवेचे आरोग्याची माहिती देणारे फोन येतात, तसा रविवारी संध्याकाळी या मुलींच्या आयांना एक फोन जाऊ द्या: उद्या गोळी आहे, पोरीला भाकरी खाऊन पाठवा, वर लिंबू किंवा आवळा द्या. हे बटणाच्या फोनवरही ऐकता येतं.

डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन मोजणारं यंत्र, तर प्रत्येक हायस्कूलपर्यंत यायला हवं. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला की लगेच आकडा कळतो. हिमोग्लोबिन बारा हवं आणि आपलं नऊ आहे, हे डोळ्यांनी पाहिलेली मुलगी गोळी टाकून देत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी मुली दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर कारखान्याला जातात, ऊसतोड संपेपर्यंत परतत नाहीत. हा आकडा आणि गोळ्यांची नोंद त्यांच्यामागोमाग तिथल्या आशाताईपर्यंत पोचली, तर मी त्याला खरं डिजिटल आरोग्य म्हणेन.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. मुलींची नावं आणि हिमोग्लोबिन यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पाळीच्या तारखा भावाच्या फोनमधल्या ॲपवर भरायला लावू नका. तो आकडा तिचा आहे. तो तिला, तिच्या आईला आणि उपचार करणाऱ्याला कळला की पुरे.

आणि नववी-दहावीला दुपारचं जेवण सुरू करा, जमलं तर अंड्यासकट. ॲपसाठी निधी निघतो, तर यासाठीही निघाला पाहिजे. तुमच्या गावच्या हायस्कूलमध्ये गोळ्या येतात का, मुली त्या खातात का, एकदा जाऊन विचारा आणि इथे खाली लिहा.