दाढीमुळे तुरुंग? थोडा खुलासा

जोसेफ पामर यांचा लांब दाढीवाला फोटो सध्या फिरतोय. खाली मजकूर: ‘अमेरिकेतल्या पहिल्या व्हीगन वसाहतीचा संस्थापक, दाढी ठेवल्याच्या गुन्ह्यात तुरुंगात.’ अर्धं खरं, अर्धं तिखट-मीठ.

दाढी ठेवणं गुन्हा नव्हताच. 1830 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्ग गावात चार जणांनी पामर यांना धरून जबरदस्तीनं दाढी काढायचा प्रयत्न केला. बचावासाठी पामर यांनी खिशातला चाकू चालवला. खटला मात्र हल्लेखोरांवर नाही, पामर यांच्यावरच झाला, मारहाणीचा! दंड भरायला त्यांनी ठाम नकार दिला आणि वर्षाहून जास्त काळ वुस्टरच्या तुरुंगात काढला. मूळ कारण दाढीच, पण कायद्याच्या कागदावर नव्हे. त्यांच्या थडग्यावर मात्र दाढीपायी छळ झाल्याचं कोरलेलं आहे.

मजकुरातली व्हीगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच न वापरणारी) वसाहत म्हणजे ‘फ्रूटलँड्स’. ती या हल्ल्यानंतर 13 वर्षांनी, जून 1843 मध्ये, हार्वर्ड नावाच्या गावाजवळ सुरू झाली (विद्यापीठाशी संबंध नाही). संस्थापक ब्रॉन्सन अल्कॉट आणि चार्ल्स लेन. पामर फक्त सदस्य. तिथे मांस, दूध, अंडी, लोकर सगळं वर्ज्य. गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून कापूसही. नांगराला जनावरं जुंपायची नाहीत असं ठरलेलं, आणि पामर यांनीच जनावरं आणून नांगरणी केली. आणि ‘व्हीगन’ हा शब्द तर तेव्हा नव्हताच, तो 1944 चा.

सात महिन्यांत वसाहत मोडली. ती जमीन पुढे पामर यांनीच घेतली.