आईंची नडगी, आमची शिडी आणि बंद इंजिन

ताई, नमस्कार. उत्तराला तीन आठवडे लागले. आधी शिडी बदलायची आणि मगच लिहायचं, असं ठरवलं होतं.

आमच्या स्नॉर्केलिंगच्या फेरीला तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की पाण्याखालचं सगळं छान होतं, पण बोटीत परत चढणं म्हणजे शिक्षा. शिडी आखूड आणि गंजकी. 61 वर्षांच्या आईंना आमच्या बोटीवरच्या पोरांनी काखेत धरून पोत्यासारखं वर ओढलं, नडगी सोलवटली, वर पोरं हसत होती. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद ठेवून बोट हेलकावत ठेवली.

इंजिनाचं आधी सांगतो, कारण ती एकच गोष्ट आम्ही बदलणार नाही. आमची शिडी मागच्या प्लॅटफॉर्मला आहे आणि इंजिनाचा पंखा तिथून दोन हातांवर. माणूस पाण्यात असताना किंवा शिडीवर असताना इंजिन न्यूट्रलला ठेवूनसुद्धा चालत नाही. चुकून गिअरच्या दांड्याला धक्का लागला की संपलं. म्हणून चावी काढून तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, खिशात. बोट हलली ती पुढून नांगरावर असल्यामुळे. दुपारी वारा उठला की लाट नाळीखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली, शिरते आणि मागची बाजू वर-खाली होते. तुमची फेरी तीनची होती. सकाळी समुद्र बराच निवांत असतो, हे बुकिंगच्या वेळीच आईंचं वय विचारून आम्ही सांगायला हवं होतं. ते चुकलं.

आता शिडी. तुमचं बरोबर आहे, आणि ती आखूड का होती हे सांगितलंच पाहिजे. बोट आम्ही मालवणात दांडीच्या किनाऱ्याला वाळूत लावतो. ओहोटीला किल्ल्याजवळच्या खडपातून येताना खाली लोंबणारी शिडी आपटून वाकेल, अशी मला भीती. म्हणून 3 पायऱ्यांची घेतली. दुकानात ती भिंतीला टेकवून चढून बघितली, मस्त वाटली. पाण्यात उतरून एकदाही बघितली नाही.

तुमचा अभिप्राय वाचल्यावर टेप घेऊन उतरलो. खालची पायरी प्लॅटफॉर्मपासून 22 इंचांवर. त्यातले 10 इंच प्लॅटफॉर्म आणि पाणी यांच्यामध्येच गेले. उरले 12. त्यात सगळे पाहुणे पाण्यात उतरले की बोट हलकी होऊन आणखी दोनेक इंच वर येते, म्हणजे सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला शिडी सगळ्यात आखूड मिळते. त्या दिवशी पहिल्या चढल्या त्या आईच. अमेरिकेत बोटींची मानकं ठरवणारं अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल सांगतं की खालची पायरी पाण्याखाली किमान 22 इंच हवी. आमची जेमतेम निम्मी. गुडघा पोटापर्यंत आणल्याशिवाय पाय ठेवता येत नाही. तरुणांना जमतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं?

अंगात लाइफ जॅकेट असलं की आणखी एक भानगड होते. छातीवरचा फुगवटा शिडीपासून लांब ढकलतो, पाय मात्र पायरीबरोबर प्लॅटफॉर्मच्या खाली सरकतात, आणि माणूस पाठीवर लोंबकळत सगळं वजन हातांवर घेतो. वर पोचल्यावर धरायला मूठ नव्हतीच. मग पोरांनी काखेत हात घातले. त्यांना दोष देत नाही, धरायला काही ठेवलं नव्हतं ते मी. हसण्याबद्दल विचारलं, तर म्हणाले की आपलाच एकजण घसरला त्यावर हसलो. खरं असेल. तरी ज्यांची नडगी सोलवटलीय त्यांना ते कसं दिसतं हे कळायला हवं, आणि त्याबद्दल मी आईंची माफी मागतो.

नवीन शिडी 4 पायऱ्यांची, एकात एक सरकणारी आहे. खालची पायरी आता पाण्याखाली 24 इंच, बोट हलकी झाली तरी 22. खाली थोडी बाहेर तिरकी राहते, बोटीखाली जात नाही. पायऱ्या रुंद आणि सपाट, वर रबर. प्लॅटफॉर्मवर धरायला मूठही बसवलीय. जुन्या गोल पाइपावर ओला तळपाय किती दुखतो ते मलाही माहीत होतं, बोललो नव्हतो इतकंच. किनाऱ्याला लागण्याआधी ती सरकवून वर बांधायची, हे काम एका पोराला नेमून दिलंय. पट्टा असा लोंबता ठेवलाय की पाण्यातला माणूसही ओढून शिडी खाली घेऊ शकतो. उद्या तांडेलच पडला तर? एका पाहुण्याने सुचवलं की मधे एकच दांडा असलेली, फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) न काढता चढायची शिडी घ्या. ती पाठीवर हवेची टाकी घेऊन चढणाऱ्या डायव्हरला बरी. आमच्याकडचे बरेचसे पाहुणे अनवाणी चढतात.

गंजाबद्दल. जुनी शिडी 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलची होती. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटलं नाही की “बघा, अस्सल स्टेनलेस”. पण चुंबक सहसा 304 ला चिकटत नाही आणि त्याहून चांगल्या 316 लाही नाही, मग त्यातून कळलं काय? खाऱ्या पाण्यात 304 वर चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके येतात आणि वेल्डिंगच्या सांध्यातून गंज आत शिरतो. 316 मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, ते जास्त तग धरतं. नवीन शिडी त्याचीच घेतली, महाग पडली. तीही रोज गोड्या पाण्याने धुवावी लागते.

काढताना आणखी एक सापडलं, तुम्ही न लिहिलेलं. जुन्या शिडीचे स्क्रू प्लायवूडमध्ये नुसते फिरत होते, पाणी शिरून आतलं लाकूड कुजलं होतं. तो भाग कापून फायबरवाल्याकडून भरून घेतला, आता आरपार बोल्ट आणि खालून स्टीलची पट्टी आहे. तुम्ही तक्रार केली नसती तर मोसम संपेपर्यंत ते तसंच राहिलं असतं.

पाण्यात उतरण्याआधी आता पोरं चढायचंही सांगतात: मागची बाजू खाली जाते तेव्हा पायरीवर पाय ठेवा, वर येताना बोटच तुम्हाला उचलते.

परवा माझ्या काकीला उतरवून चढवलं. चार पायऱ्या एकटी चढली, वर आली आणि म्हणाली, “मूठ वायच फुडे व्हयी होती.” उद्या मूठ चार इंच पुढे घेतोय. आईंचे त्या दिवशीचे पैसे तुमच्या नंबरवर परत पाठवलेत. त्यांना पुन्हा यावंसं वाटलं तर सकाळी सातची फेरी धरा.