चांदीचं वजन सगळ्यांना पाठ आहे

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. समुद्राच्या तळातून ११० टन चांदी काढली, त्याचा. खाली लगेच अंगठे, टाळ्या, आणि एका चुलतभावाने लिहिलं, "जॅकपॉट! अशी एक बोट आपल्यालाही सापडू दे." माझा चहा तसाच राहिला. तिथे काही लिहिलं असतं तर सणासुदीपर्यंत अबोला झाला असता, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

त्या बोटीचं नाव एसएस गेरसप्पा. शरावतीच्या ज्या धबधब्याला आपली आजी-आजोबांची पिढी गिरसप्पा म्हणायची, त्याचंच नाव. बोट मालवाहू, मालक ब्रिटिश कंपनी. डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघाली, पोटात चांदी, चहा आणि बिडाचं लोखंड. आफ्रिकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाऊनला पोचली, तिथून इतर बोटींच्या ताफ्याबरोबर इंग्लंडकडे. फेब्रुवारीत हवा बिघडली, कोळसा पुरेना, तेव्हा ताफा सोडून ती एकटीच आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळली. वाटेत जर्मन पाणबुडीने, यू-१०१ ने, तिला गाठलं. एक टॉर्पेडो, आणि साधारण वीस मिनिटांत सगळं पाण्याखाली. ८५ माणसं गेली. बहुतेक हिंदुस्थानी खलाशी, ज्यांना गोरे लोक 'लास्कर' म्हणायचे.

हे त्या व्हिडिओत आहे का? एक वाक्य आहे. "दुर्दैवाने जीवितहानी झाली." की पुन्हा चांदी.

आमच्या घरात 'बोटीवरचे काका' म्हणून एक माणूस आहे, ज्यांचा फोटोसुद्धा नाही. माझ्या वडिलांचे सख्खे मोठे काका. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून खलाशी व्हायला मुंबईला आले. तेव्हा बोटीवरचं काम नुसतं मागून मिळत नसे. माणसं भरून देणारा घाटसारंग असे, त्याचे हात ओले करावे लागत. पणजीने पायातले चांदीचे तोडे उतरवून दिले, ते सावकाराकडे गहाण पडले. "पहिल्या सफरीच्या पगारात सोडवतो," म्हणून काका गेले. पहिल्या सफरीचा पगार व्याजातच संपला. दुसऱ्या सफरीपर्यंत लढाई सुरू झाली होती. मग एक दिवस इंग्रजीत टाइप केलेला कागद आला. घरात वाचणारं कोणी नाही. आजोबा तेव्हा पोरगेलेसे, ते कागद घेऊन शेजारच्या गावी मास्तरांकडे चालत गेले. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि आधी आजोबांना पाणी दिलं.

आमचे काका गेरसप्पावर नव्हते, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी कमेंटमध्ये शिकवायला येणार नाही. कलकत्त्याची बोट, तिच्यावरचे लोक बहुतेक सिल्हेट-चटगावकडचे असणार. मान्य. पण तिकडच्या आयांनी काय गहाण टाकलं नसेल?

त्या रात्री गेरसप्पावरून एकच होडी नीट सुटली. सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स तिचा प्रमुख, आणि होडीत आपले खलाशी पुष्कळ. उत्तर अटलांटिक, फेब्रुवारी महिना. उष्ण मुलखातून आलेली माणसं, अंगावर पातळ कपडे. तेरा दिवस. थंडीने आणि तहानेने एकेक जण होडीतच गेला. १ मार्च १९४१ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉलचा किनारा दिसला, अगदी खडक दिसायला लागले, आणि लाटांनी होडी उलटवली. ८६ जणांतला एकटा आयर्स जिवंत राहिला. त्याला पुढे सन्मान मिळाला, मिळायलाच हवा होता, त्याने त्या होडीत सगळ्यांसाठी जिवाचं रान केलं होतं. माझा राग त्याच्यावर नाही.

राग कशावर आहे ते सांगते. १९३९ साली लढाई लागली तेव्हा याच खलाशांनी कितीतरी बोटींवर काम थांबवलं होतं. मागणी एवढीच, की पाण्यात मरण पेरलेलं असताना पगार तरी वाढवा. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांना मिळायचं ते अगदीच तुटपुंजं. शेकडो लोकांना तुरुंगात टाकलं. शेवटी थोडी पगारवाढ पदरात पडली आणि माणसं पुन्हा बोटीवर चढली. का चढली? घरी तोडे गहाण होते म्हणून! देशभक्ती, साम्राज्य वगैरे मला कोणी सांगू नये.

आणि चांदीचं काय झालं बघा. ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये एका अमेरिकन कंपनीला कंत्राट दिलं, खर्च वजा जाता ८० टक्के कंपनीचे. २०११ मध्ये बोट सापडली, ४,७०० मीटर खोल, टायटॅनिकपेक्षाही खाली. पुढच्या दोन उन्हाळ्यांत यंत्रं सोडून २,७९२ विटा वर काढल्या. प्रत्येक वीट मोजलेली. त्या चांदीची नाणी पाडली आणि कडेवर बोटीचं नाव कोरलं. बोटीचं!

आता कोणी म्हणेल, सगळं कायदेशीर होतं, विम्याचे पैसे सरकारने भरले होते, चांदी सरकारचीच. असेल. मला कायद्याशी भांडायचं नाहीच.

थांबा, पाणी पिऊन आले.

एका गोष्टीने मात्र मी आज खरंच विरघळले. त्याच बोटीतून सातशेहून जास्त पत्रं निघाली. सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी, गाळाखाली घट्ट दबलेली, म्हणून वाचली. हिंदुस्थानातून घरी लिहिलेली साधी पत्रं. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयाने त्यांचं प्रदर्शनही मांडलं. एकेक कागद सोडवून, वाळवून, वाचून. केवढ्या मायेने केलं असेल ते काम. मला वाटत राहिलं, आमच्याकडे आलेला तो एक कागदही कोणी असा जपला असता तर! तो आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता. एका पावसाळ्यात घर गळलं आणि त्याचा लगदा झाला. काकांच्या बोटीचं नाव त्याच कागदावर होतं. आज ते कोणालाही सांगता येत नाही.

गोऱ्या खलाशांची नावं लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर कोरली आहेत. आपल्या खलाशांची नावं तिथे नाहीत. ती वहीत आहेत. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये एक आणि तशीच दुसरी चटगावला. दुसऱ्या महायुद्धात बुडालेले सुमारे ६,००० हिंदुस्थानी व्यापारी खलाशी त्या वहीत आहेत. मस्जिद बंदर! आपण तिथे सुकामेवा घ्यायला जातो, लग्नाची खरेदी करायला जातो. किती जणांना ठाऊक आहे? मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं आणि तरीही आजवर मी गेलेले नाही, याची आज फार लाज वाटतेय.

तोडे कधीच सुटले नाहीत. बाबा लहानपणी पणजीचे पाय चेपायचे. ते सांगतात, घोट्यांवर दोन्हीकडे कातडी गुळगुळीत होती, वर्षानुवर्षं तोडे घासून झालेली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. पुढे घरात पैसे आले, आजोबांनी नवे करू म्हटलं. ती नको म्हणाली. "ते सोडवून आणणारा येऊ दे."

त्या चुलतभावाला मी मघाशी फोन केला. ओरडायचंच होतं, पण तो बिचारा गप्प ऐकत राहिला आणि म्हणाला, "ताई, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं." खरं आहे, आम्हीच नाही सांगितलं. शनिवारी तो गाडी घेऊन येतोय, बाबांना घेऊन मस्जिद बंदरला जाऊ. वही बघायला मिळते का, कोणाला विचारायचं, काही ठाऊक नाही. कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.

बाबा दुपारपासून कागद-पेन घेऊन बसलेत. काकांचं नाव इंग्रजीत साहेबाने कसकसं लिहिलं असेल, त्याचे प्रकार काढतायत. आतापर्यंत सात प्रकार झाले. मघाशी मान वर करून विचारलं, "त्या वहीत गावाचं नाव असतं का गं? नुसत्या नावाचे पुष्कळ निघतील."