नाकापेक्षा केबल जड

रेकॉर्ड लावली की गाण्याच्या आधी, गाण्याच्या नंतर आणि गायिकेने श्वास घेतला तर तेवढ्या फटीतसुद्धा आमच्या स्पीकरमधून एक 'घूं' यायचा. बारीक, पण चिवट. दुपारी डोळा लागताना कानाशी येणाऱ्या माशीसारखा. सीडी लावली की तो नसायचा, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच.

एकदा आमचा एक कानसेन मित्र घरी आला. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं, मग वाकून ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे बघत दचकून म्हणाला, "अरे, ही वायर लावलीयस? ही तर खोक्यातली!"

खोक्यातलीच होती, ॲम्प्लिफायरबरोबर आलेली. काळी, करंगळीपेक्षाही बारीक, कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतकी वर्षं तिने मुकाट्याने वीज वाहिली होती आणि त्यात काही कमीपणा आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

मग मित्राने मला केबलशास्त्र शिकवलं. वीज 'मळकी' असते. चांगली केबल ती निवळून देते. तांबं ऑक्सिजनमुक्त हवं. नवी केबल शंभर-दोनशे तास चालवून मुरवावी लागते. आणि तिच्यावर बाण असतो, त्याच दिशेने जोडायची. हा बाण मला फार आवडला. घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० वेळा, ज्या देशात राहाल त्याप्रमाणे, पुढे जाते आणि मागे येते. तिला बाण दाखवून काय सांगणार, इकडून जा? जाईल की. आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात उलटी फिरेल.

किंमत ऐकल्यावर मी दोनदा विचारलं, हा आकडा ॲम्प्लिफायरचा की केबलचा. केबलचा.

"वीज मैलोन् मैल ॲल्युमिनियमच्या तारांवरून येणार, मग आपल्या भिंतीतून येणार," बायको म्हणाली, "आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये संत होणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी केबल घरी बनवायचं ठरवलं.

हिशेब केला नव्हता असं नाही. खोक्यातली वायर १.५ चौरस मिलिमीटरची, लांबी दीड मीटर. जाऊन-येऊन ३ मीटर तांबं, म्हणजे रोध साधारण ०.०३५ ओहम. माझा ॲम्प १ ॲम्पिअरसुद्धा खेचत नाही. २३० व्होल्टांतले ०.०३५ व्होल्टही वाटेत गळत नव्हते. ४ चौरस मिलिमीटरची जाड वायर घेतली तर ही गळती ०.०१३ वर आली असती. वाचले किती? दोन शतांश व्होल्ट. पुढे ॲम्पच्या पोटात ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि डबाडबाभर कपॅसिटर बसलेले. येईल त्या विजेचं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करूनच ते आत सोडतात. त्यांना या दोन शतांशांची गंधवार्ताही लागली नसती. पण हे सगळं कागदावर लिहून झाल्यावर त्याच कागदाच्या मागे मी सामानाची यादी केली.

यादी वाढत गेली. ४ चौरस मिलिमीटरच्या तारा नेहमीच्या सी-१३ कनेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खुपसतो त्या तीन भोकांच्या डोक्यात, मावेनात. म्हणून मोठ्या पोटाचा कनेक्टर. तारेचं टोक सोल्डर करून स्क्रूखाली दाबायचं नसतं, सोल्डर हळूहळू चेपतं आणि स्क्रू सैल होतो. म्हणून फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावर चढवून दाबायची धातूची बारीक नळी. फेरूल दाबायला वेगळी पक्कड. शिवाय तांब्याची जाळी, वरून सापाच्या कातीसारखी नायलॉनची जाळी, तिच्यावर हीटश्रिंकची प्लास्टिक नळी, आणि ती तापवून आक्रसायला हीट गन. केबल स्वस्तात पडावी म्हणून घेतलेली हत्यारं मी कपाटात बायकोच्या नजरेच्या वरच्या फळीवर ठेवली. ती उंच आहे हे नंतर लक्षात आलं.

रात्री जेवणं झाल्यावर कामाला बसलो. आवरण सोललं. हिरवी-पिवळी अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा जरा लांब ठेवली. केबलला हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी निसटावी. फेरूल चढवले, स्क्रू आवळले, एकेक तार ओढून पाहिली. हलेना. मल्टिमीटर लावला, तिन्ही तारांनी आपापल्या जागी 'टीं' केलं, भलत्या जागी केलं नाही. स्वतःच्या हातचं काहीतरी इतकं बरोबर आलेलं बघून मला भरून आलं. आणि मग टेबलावर कनेक्टरचं टोपण दिसलं.

हे टोपण आधी केबलमध्ये ओवायचं असतं. नंतर ओवता येत नाही.

सगळं सोडलं. टोपण ओवलं, परत फेरूल, परत स्क्रू, परत 'टीं'. टोपण फिरवून बंद केलं आणि मांडीवर काहीतरी टोचलं. नायलॉनची जाळी. ती टोपणाच्याही आधी ओवायची असते.

पहाटे केव्हातरी केबल झाली. रागाच्या भरात हीटश्रिंक मी टोकांऐवजी अखंड लांबीवर चढवला होता, त्यामुळे ती आता केबल राहिली नव्हती, अंगठ्याएवढा दांडका झाली होती. वळेना. ॲम्पला जोडायला गेलो तर ती मागे भिंतीला अडली, तिथून उसळून बाजूला फिरली आणि रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प यांच्या मधोमध कमान करून बसली. जागा होईना म्हणून तिनेच ॲम्पला ढुशी देऊन जागा करून घेतली. नाकापेक्षा मोती जड हे मी ऐकून होतो. इथे मोती नाकाला फळीवरून ढकलत होता.

बटण दाबलं. सुई ठेवली.

'घूं' नव्हता.

आवाज वाढवला. तरी नाही. मी बायकोला उठवून आणलं. तीही ऐकत राहिली. तिचा चेहरा पाहून माझी छाती त्या केबलहून रुंद झाली. पुढचे चार दिवस मी भेटेल त्याला तांब्याबद्दल सांगत होतो. दोन शतांश व्होल्टांचा कागद फाडून टाकला. शास्त्राला सगळंच कळतं असं नाही, हे वाक्यसुद्धा मी एकदा उच्चारलं.

पाचव्या दिवशी बायको फळी पुसत होती. "हा डबा तू सरकवलास का रे?" तिने बोट दाखवलं. फळीवर धुळीत एक स्वच्छ चौकोन उमटला होता, ॲम्पच्या मापाचा. आणि ॲम्प त्याच्यापासून चांगला वीतभर लांब.

मी फडक्याकडे बघत राहिलो. मग केबल काढली, खोक्यातली काळी वायर लावली, ॲम्प आहे तिथेच ठेवला. शांतता. ॲम्प दोन बोटं प्लेअरकडे सरकवला. शांतता. आणखी चार बोटं, आणि लांबून कुणीतरी 'घूं' म्हणालं. चौकोनात परत बसवल्यावर तर ते मोकळ्या गळ्याने गाऊ लागलं. प्लेअरच्या पिकअपमध्ये केसासारख्या तारेची वेटोळी असतात. त्यांच्यातून निघणारा सिग्नल अवघा काही मिलिव्होल्टचा, तो शंभर-शंभर पटींनी वाढवून ऐकायचा. शेजारी ट्रान्सफॉर्मर बसवला तर त्याचं चुंबकीय क्षेत्र ती वेटोळी इमानाने टिपतात. दुखणं रेड्याला होतं आणि मी रात्रभर जागून औषध पखालीला केलं होतं. पखालीने रेड्याला ढकललं, म्हणून रेडा बरा झाला.

आता ॲम्पला काळी वायरच आहे. जाड केबल टाकवत नाही, म्हणून दोन्ही डब्यांच्या मध्ये ती तशीच अडकवून ठेवली आहे, दोन्ही टोकं मोकळी. ॲम्प पुन्हा जागेवर सरकू नये, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

परवा मित्र आला. डोळे मिटून ऐकलं. "पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. मग ती कमान बघून हळूच तिच्यावरून हात फिरवला. "मलाही एक करून देशील?"

मी विचारलं, "देतो की. तुझ्या प्लेअर आणि ॲम्पच्या मध्ये जागा किती ठेवायची?"