विमान ४०० किलोमीटर २७ मिनिटांत का जात नाही

गेल्या महिन्यात माझ्या मावशीचे पुढचे विमान चुकले. दोन स्वतंत्र तिकिटांमध्ये अवघी ५० मिनिटे ठेवण्याचा धीर तिला आला, तो नातेवाइकांच्या गटात फिरत आलेल्या एका संदेशामुळे. त्याचे म्हणणे असे, की दोन लहान विमानतळांत ४०० किलोमीटर अंतर असेल तर ताशी ९०० किलोमीटर वेगाने २७ मिनिटे पुरतात आणि तिकिटावरचा सव्वा तास ही लबाडी आहे. कंपन्या मुद्दाम वाकडा मार्ग घेतात. पश्चिमेकडे जाताना पृथ्वी खालून सरकत असल्याने वेळ आणखी वाचतो. आणि म्हणून विमान छापील वेळेच्या अर्धा तास आधी हमखास पोहोचते.

मूळ चूक २७ मिनिटांची आहे. ताशी ९०० हा जेट विमानाचा दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा वेग झाला. लहान विमानतळांदरम्यान बहुधा एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान असते आणि ते ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते, म्हणजे तेवढ्यालाच ४८ मिनिटे हवीत. विमान जेट असले तरी जमिनीपासूनच तो वेग धरू शकत नाही. अमेरिकेच्या हवाई नियमांतील कलम ९१.११७ नुसार १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. शिवाय तिकिटावरची वेळ निव्वळ उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ, ज्याला या व्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात, तीत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वाऱ्याच्या समोर उड्डाण करून मग इच्छित दिशेला वळणे, हे सारे त्यातच येते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम २.७ किलोमीटर आहे. तिथल्या आयलंडर विमानाच्या ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने भागाकार केला तर ४० सेकंद येतात. वेळापत्रकात मात्र २ मिनिटे आहेत. इतक्या चिमुकल्या प्रवासातही भागाकाराच्या तिप्पट वेळ धरावा लागतो.

पृथ्वी खालून सरकण्याचा मुद्दा तर वाचवत नाही. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते; हवा तिच्याबरोबर फिरत नसती, तर तिथे अंगणात उभ्या माणसाला तेवढ्याच वेगाचा वारा लागला असता. विमान त्याच हवेत उडते. उलट मध्य अक्षांशांवर उंचावरचे जोरदार वारे, म्हणजे जेट प्रवाह, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणूनच लंडनहून न्यूयॉर्कला, पश्चिमेकडे, जाताना परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो.

वाकड्या मार्गाबद्दल एवढेच, की गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वक्र दिसतो, आणि ४०० किलोमीटरांत तो फरक नगण्य असतो.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे वाढवून ठेवतात, कारण उशिराची नोंद त्यांना नको असते, आणि त्यामुळे विमान कधीकधी लवकर पोहोचते. परंतु ती मिनिटे रांगेसाठी आणि वाऱ्यासाठी राखलेली असतात. त्यांच्या भरवशावर दुसरे तिकीट काढता येत नाही. मावशीचे पहिले विमान त्या दिवशी अगदी छापील वेळेवर पोहोचले होते. सामान पट्ट्यावरून उचलून ती दुसऱ्या काउंटरपाशी गेली, तेव्हा तिथले सामान घेणे बंद झाले होते.