'शाळेचं पुस्तक तरी उघडा' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. माझ्या 'घास नीट चावा' या लेखावर तुम्ही लिहिलंत की लाळेतलं विकर (अन्न पचवणारं एन्झाइम) गिळताक्षणी निकामी होतं, पिष्ट (स्टार्च) पचवायचं खरं काम स्वादुपिंडाचं, पित्तरसात विकरं नसतातच, आणि शेवटी, 'लिहिण्याआधी शाळेचं पुस्तक तरी उघडा.'

पित्तरसाचं तुमचं बरोबर. पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करतं, ते फोडायचं काम लायपेज या विकराचं. लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय.

पण ते पुस्तकाचं वाक्य मला लागलं. मी 22 वर्षं तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. पुस्तक उघडायचं राहू द्या, मुलांच्या पुढ्यात ते रोज उघडलंय. भाताची पातळ पेज दोन परीक्षानळ्यांत घ्यायचो. एकीत मुलाची लाळ, दुसरीत तेवढंच पाणी. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं. मग आयोडीनचे दोन थेंब, पिष्ट असेल तर त्याने निळाकाळा रंग येतो. पाण्याची पेज निळीकाळी व्हायची, लाळेची पिवळसरच राहायची, कारण तिच्यातलं पिष्ट लाळेने फोडलेलं असायचं. शेवटच्या बाकावरची मुलंही टेबलाभोवती गोळा व्हायची. डब्यातल्या भाकरीचा कोरडा तुकडा न गिळता चावत राहायला सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "गुरुजी, गोड लागायला लागलं." ती माल्टोज नावाची साखर, पिष्टापासून तोंडातच तयार झालेली. हे पाहिलेल्या माणसाला 'तरी' लावून बोलता? मुद्दा खोडा, हरकत नाही. पण समोरच्याला काही येत नाही असं धरून सुरुवात का करायची?

आणि 'गिळताक्षणी' हा शब्दही चुकलाच. जठरातलं आम्ल आधी घासाच्या बाहेरच्या थराला भिडतं. ते आतपर्यंत मुरेस्तोवर आतल्या लाळेचं काम चालूच असतं. घास नीट चावून लाळेत कालवला असेल तर त्याचा उपयोग होतो, आणि लेखात मी एवढंच म्हटलं होतं.

स्वादुपिंडाचं महत्त्व कुणी नाकारलंय? पिष्टासाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सीन, तेलातुपासाठी लायपेज, सगळं तिथूनच लहान आतड्यात येतं. तो लेख तोंडाबद्दल होता, त्यामुळे त्यावर इथे वाद घालत नाही.

पेजेचा प्रयोग घरी करून बघा. पेज कोमट घ्या, कढत नको, कढत पेजेत विकर टिकत नाही. पंधरा मिनिटांनी रंग काय आला ते इथेच लिहा. ती प्रतिक्रिया मी लेखाच्या वर लावीन.