टूलकिटवर फास्ट भाषा बनत नाही म्हणे? मुद्दे एकेक करून बघू

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांचे दोन, एक कॉलेजचा, आणि परवा नौपाड्यात आमचा रविवारचा अभ्यासगट भरतो त्यातल्या एका मुलाने तोच फॉरवर्ड करून विचारलं, "सर, मग मी करतोय ते बंद करू का?" म्हणून लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: डायनॅमिक भाषेची (पायथनसारखी, जिच्यात टाइप प्रोग्राम चालतानाच कळतो) फास्ट व्हीएम, म्हणजे ती भाषा चालवणारं इंजिन, तयार टूलकिटवर होतच नाही, व्ही-एट (क्रोमचं जावास्क्रिप्ट इंजिन) आणि लुआजिट (लुआ भाषेचं) दोन्ही हाताने लिहिलेलं, गूगलने एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचं तयार साधन) घेऊन पायथन फास्ट करायचा घाट घातला तो फसला, टूलकिट घेतलं की भाषा त्याच्या साच्यात अडकते, वर वॉर्म-अपला, म्हणजे सुरू झाल्यावर पूर्ण वेगाला पोचायला, वेळ जातो, तेव्हा आरपायथन आणि ट्रफल या टूलकिटांच्या नादी लागू नका.

यातला वॉर्म-अपचा मुद्दा बराचसा खरा आहे, तो शेवटी घेतो. बाकीचं चुकीचं आहे, आणि पोरं ते वाचून हातातलं काम सोडतायत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी गूगलवालं. त्या प्रकल्पाचं नाव अनलेडन स्वॅलो, २००९, सीपायथन (नेहमीचं पायथन) पाचपट फास्ट करायचं ठरलं होतं आणि ते जमलं नाही, मान्य. पण एलएलव्हीएम हा मुळात सी, सी++ सारख्या भाषांसाठी घडवलेला बॅकएंड, म्हणजे मशीन कोड काढून देणारा भाग, तिथे टाइप आधीच ठरलेले असतात. पायथनमधली 'अ + ब' त्याच्या हातात दिली तर त्याला दिसतं काय, तर रनटाइममधल्या कुठल्यातरी सी फंक्शनला केलेला कॉल, दोन्ही इंटीजर आहेत हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, मग तो सुधारणार काय? शिवाय त्या टीमचा बराच वेळ एलएलव्हीएमचंच जिट (प्रोग्राम चालता चालता मशीन कोड बनवणारा भाग) दुरुस्त करण्यात गेला. डायनॅमिक भाषेतलं खरं काम वेगळंच असतं: प्रोग्राम चालताना टाइप बघून ठेवायचे, 'इथे इंटीजरच येणार' अशी पैज लावून मशीन कोड बनवायचा, मध्ये गार्ड (पैज अजून खरी आहे ना ते बघणाऱ्या तपासण्या) बसवायचे आणि गार्ड फेल झाला की अर्ध्यातून सुखरूप इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे एकेक आदेश वाचून चालवणाऱ्या भागात, परत यायचं. हे परत येणं सगळ्यात किचकट. नुसता बॅकएंड हे देत नाही. आरपायथन आणि ट्रफल नेमकं हेच देतात, त्यामुळे अनलेडन स्वॅलोचं अपयश त्यांच्या नावावर टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता हाताने लिहिलेल्यांचं. व्ही-एट २००८ साली क्रोमबरोबर आलं, पण ते लिहिणाऱ्या लार्स बाकने त्याआधी सेल्फ, स्ट्राँगटॉक, हॉटस्पॉट अशा व्हीएमवर वर्षानुवर्षं काम केलेलं होतं आणि व्ही-एटमधले हिडन क्लास (ऑब्जेक्टच्या मांडणीची आतली नोंद) ही मूळची सेल्फमधली कल्पना. एवढी शिदोरी आणि मागे गूगल असेल तर जरूर हाताने लिहा. लुआजिट माइक पॉलने लिहिलं, थोर काम आहे, पण त्यासाठी त्याने डायनॅझम नावाचा असेंबलर बनवला आणि तोच पुढे २०२० मध्ये पीएचपी ८ च्या जिटमध्ये वापरला गेला. म्हणजे मेसेजने दिलेल्या उदाहरणातूनच पुन्हा वापरता येणारं हत्यार निघालं, हे कोणी बघतच नाही!

त्या मुलाचंच सांगतो. त्याची छोटी भाषा आहे, कीवर्ड मराठीत, 'जर', 'जोवर', 'छाप', आणि बाइटकोड (प्रोग्रामचं छोट्या आदेशांतलं रूप) चालवणारा इंटरप्रिटर आरपायथनमध्ये लिहिलाय. आरपायथनचा ट्रेसर (काय काय चाललं ते टिपून त्याचा मशीन कोड करणारा भाग) तुमच्या प्रोग्रामच्या नाही तर तो प्रोग्राम चालवणाऱ्या इंटरप्रिटरच्या मागे मागे जातो, म्हणून प्रत्येक भाषेला वेगळं जिट लिहावं लागत नाही, फक्त लूप कुठे आहे ते सांगायचं. त्यासाठी दोन याद्या असतात, ग्रीन्स आणि रेड्स. ग्रीन्समध्ये आपण प्रोग्रामच्या कुठल्या जागी आहोत ते, म्हणजे बाइटकोड आणि पीसी (कितव्या आदेशावर आहोत तो आकडा). बाकी बदलणारं सगळं रेड्समध्ये. याने स्टॅकवरची (चालू हिशोबाच्या किमतींची चळत) वरची किंमतही ग्रीन्समध्ये टाकली होती. त्यामुळे 'जोवर'च्या प्रत्येक फेरीला जिटला वाटायचं ही नवीनच जागा आहे, लूप गरम धरायला डीफॉल्ट १०३९ फेऱ्या लागतात आणि मोजणी एकाच्या पुढे जायचीच नाही, म्हणून ट्रेस कधी बनलाच नाही आणि हा म्हणत होता टूलकिट फालतू आहे. एक शब्द या यादीतून त्या यादीत गेला. पुन्हा ट्रान्सलेट केलं (तेव्हा टर्मिनलवर अक्षरांचं मँडेलब्रॉट उमटत जातं, पोरं ते बघत बसतात) आणि लॉग उघडला तर लूपमध्ये सरळ इंटीजरची बेरीज, तुलना, थोडे गार्ड, आणि मधल्या किमतींसाठी बनणारे बरेचसे ऑब्जेक्ट गायब. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने हे हाताने किती वर्षांत केलं असतं?

साच्यात अडकण्याचं म्हणाल तर आरपायथनवर पायपाय (पायथनचंच दुसरं इंजिन) आहे, रॅकेट भाषेसाठी पायकेट, रूबीसाठी टोपाझ झालं. ट्रफलवर रूबी, जावास्क्रिप्ट, पायथन चालतात, आरसुद्धा झालं होतं. एवढ्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या भाषा एका साच्यात कशा अडकल्या म्हणायच्या? अडतं ते सी लायब्रऱ्यांपाशी, पायपायला सी एक्स्टेन्शन (पायथनसाठी सीमध्ये लिहिलेले जोड) जड जातात हे खरंय, पण ऑब्जेक्टची मांडणी बदललीत तर हाताने लिहिलेल्या व्हीएमलाही तोच त्रास होणार.

राहिला वॉर्म-अप. ट्रफलला तापायला वेळ लागतो आणि मेमरीही जास्त लागते, क्षणात संपणाऱ्या स्क्रिप्टसाठी साधा चांगला इंटरप्रिटरच बरा, इथे मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. फक्त हा दोष एकट्या टूलकिटचा नाही, २०१७ मध्ये वॉर्म-अपचा जो मोठा अभ्यास झाला त्यात व्ही-एट, हॉटस्पॉट, लुआजिटसुद्धा होते आणि कित्येक बेंचमार्क अपेक्षेप्रमाणे स्थिर वेगाला पोचलेच नाहीत.

त्या मुलाला मी कळवलंय, बंद करू नकोस, रविवारी लॅपटॉप घेऊन ये. तुझा इंटरप्रिटर व्हेरिएबल अजून दर वेळी डिक्शनरीत शोधतोय, तिथे मॅप (कुठलं नाव कुठल्या जागी याची नोंद) आणि प्रमोट (ती नोंद पक्की धर अशी जिटला सूचना) लावायचंय.